मदत हवी आहे: 'चिप इन' नेमकं कुठे चालतं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी संध्याकाळी नववी-दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. गावाने वर्गणी करून अभ्यासिका उभी केली. आता पुस्तकांसाठी एका संस्थेला इंग्रजीतून पत्र लिहायचं आहे. त्यात दहावीच्या एका पोरीने लिहिलं, 'द होल व्हिलेज चिप्ड इन.' क्रिकेटच्या समालोचनात 'चिप्ड इन विथ टू विकेट्स' ऐकलं, तिथून तिने ते उचललं.

मला वाक्य फार आवडलं. वर्गणीतला आपलेपणा त्यात आहे. पण पत्र अनोळखी माणसांना जाणार, म्हणून विचारतोय.

शब्दकोशात दोन अर्थ सापडले: सगळ्यांनी मिळून थोडे थोडे पैसे घालणे, आणि दुसरे बोलत असताना मध्येच आपलं म्हणणं मांडणे. दोन्हींपुढे 'अनौपचारिक' अशी खूण आहे.

अडचण अशी, की आमची वर्गणी नुसत्या पैशांची नव्हती. कुणी कापूस विकल्यावर रोख दिली, कुणी विटा आणून टाकल्या, गवंड्यांनी मजुरी न घेता भिंत बांधली. हे सगळं 'चिप इन'मध्ये बसतं का? की कामासाठी 'पिच इन' म्हणावं? शिवाय पंख्यांचा सगळा खर्च एकाच दुकानदाराने केला. पोरं विचारतात, "सर, त्यायनं तं एकट्यानंच देल्ले, मंग त्यायलेबी चिप्ड इन म्हनाचं का?"

जाणकारांनी कृपया सांगावं. पत्र याच आठवड्यात टाकायचं आहे.

प्रतिसाद:

सर, पोरांची शंका अगदी बरोबर आहे. 'चिप इन'मध्ये अनेकांचा मिळून वाटा असतो. पंख्यांचा पूर्ण खर्च एकट्याने केला, तर तिथे 'पेड फॉर द फॅन्स' म्हणा. रोख देणाऱ्यांसाठी 'चिप्ड इन' चपखल. रक्कम थेट पुढे जोडता येते, 'एव्हरीवन चिप्ड इन फिफ्टी रुपीज'. कशासाठी ते सांगायचं तर 'फॉर' किंवा 'टू बाय'. मदतीलाही हा शब्द चालतो, पण अंगमेहनतीला 'पिच्ड इन' जास्त शोभतं. तोही बोलीतलाच. विटांसाठी सरळ 'गेव्ह ब्रिक्स'.

अर्जवजा पत्रात मात्र 'कॉन्ट्रिब्यूटेड'च ठेवा आणि लगेच पुढे विटा, भिंत, रोख कुणी काय दिलं ते लिहा. आपलेपणा त्या तपशिलातून पोचेल. संस्थेची माणसं गावात आली की त्या पोरीला तिचं वाक्य तोंडी म्हणू द्या. तिथे ते शंभर टक्के बरोबर आहे.