मदत हवी आहे: डीएम हिमॅटॉलॉजी करून जिल्ह्याच्या ठिकाणी काम करता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. नीट एसएस (सुपर स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्ताच्या आजारांची सुपर स्पेशालिटी, करायचं मनात पक्कं आहे. घरच्यांचा आग्रह कार्डिओलॉजीचा, पण त्यांची समजूत मी काढेन. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. डीएमची तीन वर्षं आणि बाँड (सक्तीची सेवा) संपला की मला चंद्रपूरला परत यायचं आहे. सीनिअर म्हणतात, मुंबई-पुणे, फार तर नागपूर सोडलं तर या शाखेच्या डॉक्टरला काम नाही. बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपणाचं युनिट नाही, रक्तपेशींचा प्रकार ओळखणारी फ्लो सायटोमेट्री नाही, तिथे बसून तू करणार काय?

मला हे पटत नाही. एपीएल नावाचा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) घ्या. आमच्याकडे एक तरुण शेतकरी आला होता, हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर काळेनिळे डाग, प्लेटलेट जेमतेम दहा हजार. पॅथॉलॉजीच्या रेसिडेंटने रात्रीच स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपला लावला आणि मला बोलावून घेतलं. पेशींच्या आत लालसर काड्यांच्या मोळ्याच्या मोळ्या दिसत होत्या. ही एपीएलची खूण. हे दिसलं की जनुकीय रिपोर्टची वाट पाहायची नसते, ॲट्रा या औषधाच्या कॅप्सूल त्याच रात्री सुरू करायच्या, कारण या आजारात पहिल्या काही दिवसांतला रक्तस्रावच जीव घेतो. तेवढे दिवस निभावले तर ॲट्रा आणि आर्सेनिकवर बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. तो माणूस आज ट्रॅक्टर चालवतो. त्याला प्रत्यारोपण लागलं नाही. स्मिअर ओळखणारी नजर आणि कपाटात तयार असलेलं औषध, एवढ्यावर निभावलं.

सीएमएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाचंही थोडंफार असंच. त्यावरचं औषध इमॅटिनिब २००१ मध्ये आलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं पेटंट नाकारलं, त्यामुळे आपल्याकडे जेनेरिक गोळ्या परवडतात. पेशंट रोज गोळी घेऊन शेती-नोकरी सांभाळतो. पण बरं वाटायला लागलं की गोळी सोडणारे खूप, आणि दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल (आजार किती उरला ते सांगणारी तपासणी) करून घ्यायला मागे लागणारं माणूस जवळ लागतं. शिवाय आमच्या भागात सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) आहे. वेदनांनी कळवळणारी पोरं कॅज्युअल्टीत येतात, सलाइन आणि इंजेक्शन घेऊन घरी जातात. त्यावरचं औषध हायड्रॉक्सियुरिया वर्षानुवर्षं नीट चालू ठेवलेली फार थोडी दिसतात. मेडिकल ऑन्कोलॉजी घेतलं तर ब्लड कॅन्सर आणि प्रत्यारोपण शिकायला मिळेल, पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हातून सुटेल. म्हणून मला हिमॅटॉलॉजीच हवं आहे.

भीती वाटते ती अक्यूट ल्युकेमियाच्या इंडक्शनची, म्हणजे सुरुवातीच्या जोरदार किमोथेरपीची. रक्तपेशींचे काउंट्स तळाला गेलेले असताना ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक जायला हवं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्याही सतत हलत्या ठेवाव्या लागतात. पहाटे तीनला एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट) देणारी रक्तपेढी नसेल तर मी हे पेशंट ठेवून घ्यावेत, की पहिली मदत करून नागपूरला पाठवावेत? लहान शहरात हे कोणी करत असेल तर कृपा करून सविस्तर लिहा. नर्सिंगची माणसं कशी तयार केली, कोणते पेशंट घेतले आणि कोणते नाही म्हणून सांगितले, ते मला हवं आहे.

वेल्लोरचं सीएमसी किंवा दिल्लीचं एम्स इथे डीएम केलेलं कोणी आहे का? तिथे रेसिडेंट स्वतःच्या पेशंटच्या मॅरोच्या स्लाइड स्वतः किती बघतो? मला पुढे बऱ्याचदा एकटीलाच मायक्रोस्कोपवर बसावं लागणार आहे, म्हणून हे महत्त्वाचं वाटतं.

ज्यांच्या घरी असं रक्ताचं दुखणं येऊन गेलं त्यांनाही विचारते. टाटाला किंवा पुण्याला खेपा घातल्यात, त्यातलं काय काय गावाजवळ झालं असतं तर बरं झालं असतं? नुसत्या सीबीसी आणि रक्त चढवण्यासाठी किती धावपळ झाली? आठवून लिहायला जड जात असेल तर व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल.

भर: प्रतिसादांत दोघांनी प्रत्यारोपणाबद्दल विचारलं म्हणून इथेच लिहिते. ते मी चंद्रपूरला करणार नाही, पेशंट मुंबईलाच पाठवीन. सख्ख्या भावंडाशी पूर्ण एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळण्याची शक्यता चारात एक असते, पण आता आई-वडील किंवा मुलांकडून अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं. साधारण पहिले शंभर दिवस पेशंटला सेंटरजवळ राहावं लागतं. त्यानंतर तो गावी आल्यावर ताप, पुरळ, जुलाब यातलं काहीही झालं तर बघायचं कोणी? तेवढं तरी मला करता आलं पाहिजे. प्रत्यारोपण केंद्रं अशा बाहेरगावच्या डॉक्टरांना फोनवर कितपत मार्गदर्शन करतात, हे कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा. पसंतीक्रम भरायच्या आधी हे कळलं तर फार मदत होईल.