देशपांडे परिवार ग्रुप: पार्क ॲव्हेन्यूची इमारत

सुनील (न्यू जर्सी): काल न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवरच्या जेपी मॉर्गन चेस बँकेच्या नव्या टॉवरचे फोटो आले आणि खाली नुसती 'वा वा'ची रांग. त्याच जागी 1960 ची 52 मजली इमारत होती. ती पाडली त्याचं कुणालाच काही नाही?

मंजू आत्या: फोटो मी टाकले होते. यापुढे विचारून टाकीन 🙏

सुनील: तसं नाही गं आत्या. मी कामाला होतो तिथे. आत शिरलं की आधी सरकता जिना, लिफ्ट वरच्या मजल्यापासून. खाली ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनचे रूळ, लिफ्टच्या खड्ड्याला जागाच नव्हती.

नाना: माझा मुद्दा एवढाच. 2012 च्या सुमारास पूर्ण नूतनीकरण केलं, हरित इमारतीचं प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवलं. आणि 2019 ला पाडायला काढली. का?

बाळू: एफएसआय, नाना 😄 2017 ला तिथले नियम बदलले, जास्त उंच बांधायची मुभा मिळाली.

विद्या वहिनी: मूळ युनियन कार्बाइडचीच ना? भोपाळवाली? मग गेली ते बरंच झालं.

सुनील: वहिनी, भोपाळ 1984 चं. इमारत 1978 लाच एका बँकेला विकली होती.

विद्या वहिनी: हे भोपाळला जाऊन सांगा.

नाना: प्लॅटिनमचं वरती लिहिलंय. वाचावे.

रेणू: इमारतीचा आर्किटेक्ट म्हणून नाव कायम गॉर्डन बनशाफ्टचं. त्याच ऑफिसातल्या नताली द ब्ल्वा यांनी डिझाइनवर एवढं काम केलं, त्यांना श्रेय फार उशिरा मिळालं.

बाळू: आपल्या घरासारखंच. पुरणपोळी आईची, कौतुक अण्णांचं.

मंजू आत्या: बाळू, अण्णा ग्रुपवर आहेत.

अण्णा: वाचतोय. बँकेची जागा, बँकेचे पैसे. सुनील, तुझा पगारही तिथूनच यायचा.

सुनील: म्हणून बोलायचं नाही का? न्यूयॉर्कच्या वारसा आयोगाने तिला संरक्षण दिलंच नाही. 707 फूट! मालकाने आपणहून पाडलेली एवढी उंच इमारत तोवर जगात दुसरी नव्हती. आता 1388 फुटांची उभी केली.

नाना: 2012, प्लॅटिनम. एकानेही उत्तर दिलेलं नाही.

विद्या वहिनी: नाना, आपल्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला पहिली सही तुमचीच होती ना?

नाना: आपल्याकडे लिफ्ट नाही. गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत.

मंजू आत्या: पुरे आता. रविवारच्या केळवणाला किती पानं, ते सांगा. आचारी सकाळपासून विचारतोय.

विद्या वहिनी: आमची दोन. नानांचं त्यांनाच विचारा.