बंद पडलेल्या एनईएसच्या केसिंगमध्ये रेट्रो गेमिंगचा संगणक: मूळ पोर्ट आणि बटणे वापरात कशी ठेवावीत?

जुनी_जॉयस्टिक

नमस्कार. माझ्याकडे दोन जुने कन्सोल आहेत. पहिला निन्टेन्डोचा एनईएस, म्हणजे पुढचे झाकण उचलून कार्ट्रिज आत सरकवायचे तो. ओलाव्यामुळे त्याच्या मुख्य बोर्डावरील तांब्याच्या रेषा जागोजागी खाल्ल्या गेल्या आहेत आणि आता त्याच्या दुरुस्तीत अर्थ नाही, असे जाणकारांचे मत पडले. दुसरा सेगाचा ड्रीमकास्ट. तो सुरू होतो, पडद्यावर मेनू येतो, परंतु कोणतीही डिस्क वाचत नाही. दोघांचेही केसिंग उत्तम स्थितीत आहे.

एनईएसमध्ये रास्पबेरी पाय ४ हा एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक बसवावा आणि ड्रीमकास्ट पूर्ण रिकामा करून त्यात मिनी-आयटीएक्स आकाराचा मदरबोर्ड बसवावा, म्हणजे गेमक्यूब आणि प्लेस्टेशन २ पर्यंतचे खेळही चालतील, असा माझा विचार आहे. बाहेरून मात्र कन्सोल होता तसाच दिसला पाहिजे, मूळ कंट्रोलर मूळ पोर्टमध्येच लागले पाहिजेत आणि पुढची पॉवर व रीसेट ही बटणे खरोखर चालली पाहिजेत.

अडचण अशी की पॉवरचे मूळ बटण वीजच तोडते, आणि चालू संगणकाची वीज अशी तोडली तर मेमरी कार्डावरील फाइल्स बिघडतील. शिवाय बंद प्लास्टिकमध्ये उष्णतेचे काय करावे, हे मला उमगलेले नाही. एनईएसच्या पाठीमागे विजेचा जॅक आहेच, तेव्हा त्याचा मूळ ॲडॅप्टर वापरता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे. मला सोल्डरिंग येते आणि मल्टिमीटर वापरता येतो. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र माझी फारशी गती नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मूळपट

ड्रीमकास्टबद्दल आधी लिहितो, कारण तेथे हात आखडता घेतलेला बरा. ज्याचा मेनू दिसतो तो कन्सोल जिवंत आहे. बिघाड बहुधा डिस्क वाचणाऱ्या भागापुरता आहे. आधी लेन्स साफ करून पाहावी. त्याने काम झाले नाही तर डिस्कचा संपूर्ण भाग काढून त्याच्या जागी मेमरी कार्डावरून खेळ वाचणारा जीडीईएमयूसारखा बोर्ड बसवता येतो, आणि मग प्रत्यक्ष सेगाच्याच हार्डवेअरवर खेळ चालतात. हा बोर्ड फक्त व्हीए१ प्रकारच्या मुख्य बोर्डाला चालतो, म्हणून मागवण्यापूर्वी आपला बोर्ड कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहून घ्यावे. सेगाने २००१ मध्ये ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतर नव्या पिढीचा घरगुती कन्सोल काढला नाही. चालू मशीन कमी करण्याआधी एवढा विचार तरी व्हावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मुळात तुमचा बेत तेथे मापातही बसत नाही. ड्रीमकास्टचे बाहेरचे माप सुमारे १९० × १९६ × ७६ मिलिमीटर आहे आणि मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिलिमीटरचा असतो. कागदावर तो मावतो. परंतु भिंतींची जाडी, आतले स्क्रूचे खांब, गोलाई घेतलेले कोपरे आणि बोर्डाच्या कडेला लागणाऱ्या केबलचे प्लग हे सारे वजा केले की काहीच उरत नाही. कंट्रोलरचीही तीच गत आहे, कारण ड्रीमकास्टचे पोर्ट सेगाच्या मेपल बस या स्वतःच्या जोडणी-पद्धतीवर चालतात आणि ती पद्धत एनईएसइतकी सोपी नाही. आणखी एक गोष्ट: ड्रीमकास्टचा पॉवर सप्लाय केसिंगच्या आतच असतो आणि भिंतीवरच्या सॉकेटमधली वीज थेट त्यात येते. प्लग काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो, त्यामुळे लेन्स साफ करण्यापुरते उघडले तरी त्या बाजूला हात लावू नये.

एनईएसचा बोर्ड खरोखरच मेला असेल तर त्याच्या केसिंगबद्दल माझी हरकत नाही. मात्र काढलेले भाग टाकू नका. कार्ट्रिजचा ७२ पिनांचा कनेक्टर, झरोक्यांच्या जाळ्या, अगदी स्क्रूसुद्धा दुसऱ्या कुणाच्या कन्सोलच्या दुरुस्तीला उपयोगी पडतात.

तारजोड

मूळ प्रश्नाकडे वळतो. आधी ॲडॅप्टर, कारण त्यात धोका आहे. एनईएसचा मूळ ॲडॅप्टर ९ व्होल्टची एसी वीज देतो; डीसी नव्हे. ती डीसी करण्याचे काम कन्सोलच्या आतला भाग करत असे. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट डीसी लागते, आणि पाय ४ साठी ३ ॲम्पिअरचा चांगला ॲडॅप्टर हवा. त्यामुळे मूळ ॲडॅप्टर या कामी निरुपयोगी आहे. शोभेसाठी जुना जॅक जागेवर ठेवायचा असेल तर त्याच्या आतल्या तारा तोडून टाका, कारण उद्या घरातील कुणीतरी जुना ॲडॅप्टर तेथे खुपसेल. त्या भोकाजवळ यूएसबी-सीचे पॅनलवर बसणारे सॉकेट लावावे आणि तेथून बोर्डापर्यंतची केबल आखूड व जाड घ्यावी. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडते, आणि ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की पाय पडद्यावर विजेचे चिन्ह दाखवतो व स्वतःचा वेग कमी करतो. ‘इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून खेळ चालवणारा प्रोग्रॅम) अडखळतो’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ असल्या केबलमध्ये असते.

आता पोर्ट. हा भाग वाटतो त्यापेक्षा बराच सोपा आहे आणि, खरे सांगायचे तर, फार देखणाही आहे. एनईएसच्या पॅडमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये, ४०२१ नावाची एकच चिप असते. कन्सोलने लॅचच्या तारेवर संकेत दिला की त्या क्षणी आठही बटणांची जी स्थिती असेल ती चिप टिपून ठेवते, आणि मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बटण डेटाच्या तारेवरून बाहेर सोडते. क्रम ठरलेला आहे: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. दाबलेले बटण शून्य म्हणून वाचले जाते. पोर्टला सात पिना असल्या तरी पॅडला पाचच तारा लागतात: वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. दोन पॅड असतील तर लॅच आणि क्लॉक दोघांना सामाईक ठेवता येतात. डेटाची तार तेवढी प्रत्येकाला स्वतंत्र हवी.

येथे एक पथ्य पाळावे लागते. मूळ कन्सोल पॅडला ५ व्होल्ट देत असे, परंतु रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिनांना (बाहेरच्या तारा जोडण्याच्या पिनांना) ३.३ व्होल्टपेक्षा अधिक चालत नाही. ४०२१ ही सीमॉस चिप ३ व्होल्टपासून पुढे काम करते, म्हणून पॅडला पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरूनच वीज द्यावी, म्हणजे डेटाच्या तारेवरून परत येणारा संकेतही मर्यादेतच राहतो. पोर्ट जुन्या बोर्डापासून कापून न काढता त्यांच्या तारांसह सोडवून घ्यावेत, आणि सोल्डर करण्याआधी कोणती पिन कोणती हे मल्टिमीटरने पडताळावे. तारांच्या रंगांवर विसंबू नये.

पॉवरच्या बटणाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. एनईएसचे पॉवर बटण एकदा दाबले की आत अडकून राहते आणि पुन्हा दाबले की बाहेर येते. रीसेटचे बटण मात्र दाबून सोडायचे असते. पायला पॉवरसाठी हवे असते ते दुसऱ्या प्रकारचे. पाय ४ वर जीपीआयओ ३, म्हणजे प्रत्यक्ष पाचवी पिन, आणि तिच्या शेजारची सहावी म्हणजे ग्राउंडची पिन यांच्यामध्ये दाबून सोडायचे बटण लावले आणि सेटिंगच्या फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनची एक ओळ लिहिली, की एकदा दाबल्यावर यंत्रणा रीतसर बंद होते आणि पुन्हा दाबल्यावर सुरू होते. अडकून राहणारे बटण तसेच जोडले तर ती पिन ग्राउंडलाच धरून ठेवली जाईल आणि यंत्रणा गोंधळेल. अशा बटणात सहसा एक बारीक तार खाचेत अडकत असते. ती काढली की तेच बटण दाबून सोडायचे होते आणि बाहेरून काही कळत नाही. रीसेटचे बटण दुसऱ्या एखाद्या जीपीआयओ पिनेला जोडून त्यावर खेळातून बाहेर पडण्याची आज्ञा ठेवता येते. लाल दिवा ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडावा.

जीपीआयओ ३ हीच पिन आयटूसी या दोन तारांच्या जोडणीसाठीही वापरली जाते, म्हणून आत आयटूसीवर चालणारा पंखा-नियंत्रक किंवा छोटा डिस्प्ले लावायचा विचार असेल तर हे दोन्ही एकत्र नांदणार नाहीत.

बदलता_बोर्ड

तारजोड यांच्या विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे, पण पॅड थेट जीपीआयओला जोडण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याने पोर्ट एका विशिष्ट बोर्डाशी बांधले जातात. पाय ५ मध्ये जीपीआयओचा कारभार आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेला, त्यामुळे पिनांच्या पत्त्यांवर थेट लिहिणारे जुने ड्रायव्हर तेथे चालत नाहीत. त्याऐवजी एटीमेगा३२यू४ असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड मध्ये ठेवावा. तो पॅड वाचतो आणि संगणकाला साध्या यूएसबी गेमपॅडसारखा दिसतो. त्यासाठी लागणारा कोड तयार मिळतो. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही तो बोर्डवर चढवता येतो. त्याची ५ व्होल्टची आवृत्ती घेतली तर पॅडला मूळचे ५ व्होल्टही देता येतात, आणि उद्या आतला बोर्ड बदलला तरी एक यूएसबी प्लग काढून दुसरीकडे लावला की काम झाले.

गेमक्यूब आणि प्लेस्टेशन २ हवेच असतील तर पाय ४ कडून ती अपेक्षा धरू नका. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत तो समाधानकारक चालतो, निन्टेन्डो ६४ मध्ये खेळागणिक फरक पडतो आणि त्यापुढे नेहमीच्या पीसीतला एक्स८६ प्रोसेसर घ्यावा. गंमत अशी की तुम्ही मिनी-आयटीएक्ससाठी निवडलेला कन्सोल चुकीचा आहे आणि योग्य कन्सोल तुमच्याकडे आहेच. एनईएसचे माप साधारण २५६ × २०३ × ८९ मिलिमीटर आहे, त्यात १७० मिलिमीटरचा बोर्ड बसतो. खालच्या भागातील काही खांब कापावे लागतात, आणि ते केल्यावर परतीचा मार्ग नाही. इंटेल एन१०० सारखा कमी वीज खाणारा प्रोसेसर असलेले आणि थेट १९ व्होल्ट डीसीवर चालणारे बोर्ड मिळतात, त्यामुळे आत वेगळा पॉवर सप्लायही लागत नाही.

शीतलक

उष्णतेबद्दल. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोचला की वेग कमी करू लागतो. एनईएसच्या आत हवा भरपूर असते, पण ती हलत नाही, आणि न हलणारी हवा गोधडीसारखी ऊब धरून बसते. प्रोसेसरवर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आणि ४० मिलिमीटरचा एक पंखा पुरे आहे. मात्र पंख्याने आतल्या आत हवा घुसळत न बसता ती मूळ झरोक्यांतून बाहेर टाकली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने ताजी हवा आत येण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. पंखा केसिंगला थेट स्क्रूने कसला तर सारे प्लास्टिक गुणगुणते, म्हणून मध्ये रबराच्या चकत्या घालाव्यात.

बोर्ड बसवण्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर पट्टी करून घेणार असाल तर ती पीएलए या प्लास्टिकमध्ये करू नये. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडू लागते आणि गरम बोर्डाखाली महिनोन्‌महिने राहिले की वाकते. पीईटीजी किंवा एबीएस घ्यावे. पायच्या भोकांमधले अंतर ५८ आणि ४९ मिलिमीटर आहे आणि त्यांना एम२.५ चे स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) लागतात. गरम गोंदाने बोर्ड चिकटवण्याचे व्हिडिओ पुष्कळ दिसतील. ते पाहावेत आणि सोडून द्यावेत.

आतले धातूचे आवरण परत बसवू नका. ते वाय-फाय आणि ब्लूटूथ अडवते, आणि बोर्डाच्या पाठीला टेकले तर शॉर्ट होण्याची भीती असते.

जुनी_जॉयस्टिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ड्रीमकास्टला हात लावत नाही; लेन्स साफ करून पाहतो आणि नंतर डिस्कच्या भागाचे ठरवतो. एनईएसमध्ये पाय ४ च बसवेन, कारण खांब कापण्याचे मन होत नाही. कंट्रोलरसाठी यूएसबीचा मार्ग पटला. आणखी दोन गोष्टी विचारतो. कन्सोलच्या बाजूचे व्हिडिओ आणि ऑडिओचे मूळ आरसीए जॅक पायला जोडून जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र घेता येईल का? आणि तसे झाले तर झॅपर बंदूकही चालेल का?

तारजोड

जॅक जोडता येतात. पाय ४ वरील ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून काँपोझिट व्हिडिओ मिळतो, पण तो मुळात बंद असतो. सेटिंगमध्ये सुरू करावा लागतो आणि त्याने प्रोसेसर किंचित मंदावतो. प्लगच्या टोकापासून क्रम डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड आणि व्हिडिओ असा आहे. कॅमकॉर्डरच्या जुन्या केबलमध्ये हा क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा मल्टिमीटर लावून पाहा. एनईएसला आवाजाचा एकच जॅक आहे. डावा आणि उजवा आवाज थेट एकत्र जोडू नयेत. प्रत्येकाच्या वाटेत साधारण १ किलो-ओहमचा रेझिस्टर घालून मग एकत्र आणावेत. जुने खेळ २४० ओळींच्या चित्रासाठी बनलेले होते, म्हणून आउटपुटही त्याच पद्धतीवर ठेवावे. नाहीतर काचेचा टीव्ही असूनही चित्र थरथरते.

झॅपरची आशा मात्र सोडावी. तिचा प्रकाशाचा संवेदक आणि चाप यांचे संकेत पोर्टच्या त्या दोन पिनांवरून जातात ज्या पॅडला लागतच नाहीत. त्या तारा जोडल्या तरी प्रश्न वेळेचा राहतो: मूळ कन्सोल पडद्यावर पांढरा चौकोन काढून त्याच फ्रेममध्ये बंदुकीला प्रकाश दिसला की नाही हे विचारतो, आणि इम्युलेटरमध्ये चित्र टीव्हीपर्यंत पोचायला त्याहून उशीर होतो. एलसीडीवर तर मूळ कन्सोललाही ती चालत नाही. नेमबाजीचे खेळ हवेच असतील तर कॅमेऱ्याने पडद्याची चौकट ओळखणारी यूएसबी बंदूक घ्या. ती एलसीडीवर चालते आणि इम्युलेटरला माउससारखी दिसते. त्या दोन्ही पिनांच्या तारा टोके झाकून आतच गुंडाळून ठेवा.