तोलेदोचे कॅथेड्रल : माद्रिदहून एका दिवसात जाऊन यावे की मुक्काम करावा?

प्रश्न : नौपाडावासी, ठाणे

नमस्कार. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघे जण स्पेनला जात आहोत. आईने अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला असून या प्रवासात तिची स्वतःची अशी एकच मागणी आहे : तोलेदोचे कॅथेड्रल नीट पाहायला मिळावे. ठाण्यात वाढलेल्या आम्हा सर्वांना चर्च म्हटले की तलावपाळीजवळचे सेंट जॉन चर्च डोळ्यांसमोर येते. त्यामुळे अडीचशेहून अधिक वर्षे बांधकाम चाललेली एवढी प्रचंड वास्तू कशी पाहायची, सुरुवात कोठून करायची, याचा आम्हाला अंदाज नाही.

प्रवास कंपनीने आखून दिलेल्या कार्यक्रमात तोलेदोला सकाळी जाऊन संध्याकाळी माद्रिदला परत, आणि त्यात कॅथेड्रलसाठी पाऊण तास असे नियोजन आहे. हे पुरेसे आहे का, की एक रात्र तेथे राहावे? आईचे गुडघे दुखतात आणि शहर डोंगरावर आहे असे वाचले, तेव्हा चढउतार कितपत आहे? शिवाय ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. ज्यांनी हे शहर पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : वाशीकर

ताई, मुक्काम अवश्य करावा. पाऊण तासात कॅथेड्रलच्या आत एक फेरी होईल, पण आपल्या मातोश्रींना जे पाहायचे आहे ते पाहून होणार नाही. तोलेदो हे माद्रिदला जोडलेले सहलीचे ठिकाण नव्हे. माद्रिदला राजधानीचा मान मिळाला तो 1561 मध्ये, दुसऱ्या फिलिपने दरबार तेथे हलवल्यानंतर. तोलेदो त्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकापासूनच, व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या राजांची राजधानी होते. पुढे साडेतीन शतकांहून अधिक काळ ते मुस्लिम सत्तेखाली राहिले आणि 1085 मध्ये ख्रिस्ती राजा सहाव्या अल्फोन्सोने ते जिंकले. एवढा इतिहास ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या एका खडकाळ टेकडीवर दाटीवाटीने बसलेला आहे. दिवसभर अरुंद गल्ल्यांतून गटांमागून गट जात असतात, पण संध्याकाळच्या गाड्या माद्रिदकडे निघाल्या की गर्दी ओसरते. मुक्कामाचा खरा लाभ दुसऱ्या दिवशी सकाळी होतो, कारण दर्शनाची वेळ सुरू होताच, माद्रिदचे गट येऊन पोहोचण्यापूर्वी आपण कॅथेड्रलच्या दारात असता.

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून वेगवान गाडी साधारण अर्ध्या तासात तोलेदोला पोहोचते. जागा आरक्षित असतात, म्हणून परतीचे तिकीटही आधीच काढून ठेवावे. स्थानक नदीपलीकडे, टेकडीच्या खाली आहे. तेथून अल्कांतारा पुलावरून चालत जाण्याचा रस्ता सुंदर असला तरी पुढे चांगलाच चढ लागतो. आईंना घेऊन सरळ टॅक्सीने किंवा शहराच्या बसने सोकोदोवेर चौकात जावे. टेकडीवर चढण्यासाठी नगरपालिकेने दोन ठिकाणी सरकते जिने बसवले आहेत, त्यांपैकी बिसाग्रा वेशीजवळचे अधिक सोयीचे आहेत. मात्र वर पोहोचल्यावरही रस्ते सपाट नाहीत आणि फरसबंदी दगडगोट्यांची आहे. पक्क्या तळव्याचे बूट आणि शक्य असल्यास काठी बरोबर असावी. हॉटेल सोकोदोवेर ते कॅथेड्रल या पट्ट्यातच घ्यावे, म्हणजे दुपारी आईंना खोलीवर येऊन विश्रांती घेता येईल.

एक दिलासा देणारी गोष्ट : पर्यटकांना कॅथेड्रलमध्ये दक्षिणेकडील ज्या दाराने आत सोडतात, त्या पुएर्ता याना या दाराला पायऱ्या नाहीत. तिकिटे त्याच दारासमोरच्या दुकानात मिळतात.

उत्तर : पाचपाखाडीहून एक वास्तुविशारद

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. आत गेल्यावर काय पाहावे, एवढेच मी लिहितो.

पायाभरणी 1226 मध्ये राजा तिसऱ्या फर्डिनांडच्या काळात झाली आणि मुख्य बांधकाम 1493 मध्ये पूर्ण झाले. जागा त्यापूर्वीच्या मुख्य मशिदीची. गाभ्याची रचना फ्रेंच गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीची, असली तरी मुख्य वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गात मान वर करून पाहिल्यास एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची एक ओळ दिसते, आणि ती पद्धत सरळसरळ अंदालुसी मुस्लिम स्थापत्यातून आलेली आहे. इतिहास शिकवलेल्या व्यक्तीला ही ओळ दाखवाच. सत्तांतरानंतरही कारागिरांचा हात कसा टिकून राहिला, याचा पुरावा तेथे दगडात आहे.

आपल्याकडील मंदिरात महाद्वारातून आत आल्यावर सभामंडपातून थेट गाभाऱ्यापर्यंत नजर जाते. येथे तसे होत नाही. स्पेनमधील अनेक कॅथेड्रलांप्रमाणे येथेही गायनमंडळाची बंदिस्त जागा इमारतीच्या मधोमध आहे, त्यामुळे प्रथम थोडे गोंधळायला होते. ही जागा मात्र घाईने ओलांडू नये. तेथील खालच्या ओळीतील लाकडी आसनांच्या पाठींवर रोद्रिगो आलेमान याने ग्रानादा या स्पेनमधील शेवटच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या युद्धातील प्रसंग कोरले आहेत. असे 54 फलक आहेत आणि काम सुरू झाले तेव्हा ते युद्ध अद्याप संपलेले नव्हते; ग्रानादा पडले ते 1492 मध्ये. एकेका फलकाजवळ थांबून पाहिले तर तटबंदी, वेशी, घोडेस्वार आणि किल्ल्या स्वाधीन करणारे लोक स्पष्ट दिसतात. वरच्या ओळीतील आसने पुढच्या पिढीतील आलोन्सो बेर्रुगेते आणि फेलिपे बिगार्नी यांची आहेत. दोन्ही ओळी एकापाठोपाठ पाहिल्या की मध्ययुगीन शिल्पशैली कोठे संपते आणि रेनेसांस कोठे सुरू होते, हे पुस्तकाशिवाय कळते.

यानंतर वेदीच्या मागे जावे. वेदीमागच्या कोनाड्यातील पवित्र पेटी अंधारात राहत होती, म्हणून नार्सिसो तोमे या शिल्पकाराने अठराव्या शतकात प्रदक्षिणामार्गावरचे गॉथिक छत चक्क फोडले आणि खाली बसलेल्यांना दिसणार नाही अशा खिडकीतून उजेड आत घेतला. ‘एल त्रान्सपारेन्ते’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना 1732 मध्ये पूर्ण झाली. संगमरवर, कांस्य, रंगकाम आणि प्रत्यक्ष सूर्यप्रकाश यांचा इतका धीट मेळ मी अन्यत्र पाहिलेला नाही. तेव्हा सुमारे पाचशे वर्षे जुन्या असलेल्या छताला हात लावण्याचे धाडस योग्य होते का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. त्या उजेडात उभे राहिल्यावर माझे मत तोमेच्या बाजूने झाले. खिडकी पूर्वेकडे असल्यामुळे येथे सकाळीच यावे. प्रकाश हळूहळू सरकतो, म्हणून आईंना जवळच्या बाकावर बसवून निदान वीस मिनिटे द्यावीत. त्याच परिसरात छताकडे पाहिले तर काही ठिकाणी जुन्या, विटलेल्या लाल टोप्या टांगलेल्या दिसतील. त्या कार्डिनलांच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूंच्या, असून त्यांच्या समाधींच्या वर टांगल्या जातात.

वस्त्रागारात एल ग्रेकोचे ‘एल एस्पोलियो’ आहे. क्रीटमध्ये जन्मलेला हा चित्रकार 1577 मध्ये तोलेदोला आला आणि 1614 मध्ये तेथेच वारला. ख्रिस्ताच्या अंगावरील लाल वस्त्र हिसकावले जाण्याच्या आधीचा क्षण त्याने रंगवला आहे. हे चित्र ज्या जागेसाठी काढले गेले त्याच जागी आजही आहे, म्हणून संग्रहालयातील चित्रांपेक्षा ते वेगळ्या रीतीने भिडते. खजिन्यात एन्रिके दे आर्फेने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेले, माणसाहून उंच असे सोन्याचांदीचे मखर आहे, ते कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाच्या मिरवणुकीत शहरातून नेतात. बाकीच्या दालनांना थोडा वेळ पुरेल.

एकंदर तीन तास धरावेत, मध्ये बसण्यासह.

उत्तर : खारघरहून, शाकाहारी कुटुंब

जेवणाविषयी स्पष्ट लिहिते, कारण तोलेदोचे स्थानिक जेवण प्रामुख्याने मांसाहारी आहे. ‘गास्पाचो’ म्हणजे टोमॅटोचे थंड सूप हे सर्वांना माहीत असते. पण या ला मांचा प्रदेशातील ‘गास्पाचो मांचेगो’ हा शिकारीच्या मांसाचा रस्सा असतो, हे लक्षात ठेवावे. मसूर किंवा काबुली चण्याच्या गरम सुपातही बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘पिस्तो’ ही वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो यांची भाजी उत्तम असते, मात्र वर तळलेले अंडे घालतात, तेव्हा ‘सिन उएवो’ असे आधीच सांगावे. केवळ ‘मांस नको’ म्हटल्याने काम होत नाही; ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो’ (मांस, हॅम, मासे, अंडे नको) एवढे कागदावर लिहून दाखवावे. दुपारचे जेवण दोनच्या आधी आणि रात्रीचे साडेआठ-नऊच्या आधी फारसे कोठे मिळत नाही. आईंना औषधे वेळेवर घ्यायची असतील, तर ठेपले आणि मेतकूट-भाताची तयारी बरोबर ठेवावी. तोलेदोची बदाम-साखरेची मासापान ही मिठाई प्रसिद्ध असून काही मठांतील जोगिणीही ती बनवून विकतात. काही प्रकारांत अंडे असते, म्हणून घेण्यापूर्वी विचारावे.

नौपाडावासी

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही एक रात्र राहण्याचे निश्चित केले असून कंपनीला तसे कळवले आहे. आईने 54 फलकांविषयीचा मजकूर वहीत उतरवून घेतला. कॅथेड्रलनंतर उरलेल्या वेळात आणखी काय पाहावे, आणि आठवड्यातील कोणते दिवस निवडावेत?

वाशीकर

दिवसांचे आधी सांगतो. रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना कॅथेड्रल दुपारनंतर खुले होते, आणि सोमवारी एल ग्रेको संग्रहालय व एल त्रान्सितो या सिनेगॉगमधील (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातील) संग्रहालय बंद असते. म्हणून मंगळवार ते शुक्रवार यांतील दोन सलग दिवस घ्यावेत आणि जाण्यापूर्वी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर वेळा पडताळून पाहाव्यात, कारण सणावारी त्या बदलतात.

पहिल्या दिवशी पोहोचल्यावर सान्तो तोमे चर्चमधील एल ग्रेकोचे ‘काउंट ऑफ ओर्गासचे दफन’ हे चित्र पाहावे. तेथून दोन्ही जुनी सिनेगॉग, एल त्रान्सितो आणि सान्ता मारिया ला ब्लांका, जवळच आहेत. आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. अकराव्या शतकात तोलेदोचा काझी असलेल्या साइद अल-अंदालुसीने विद्यांची जोपासना करणाऱ्या लोकसमूहांविषयी लिहिताना भारतीयांना पहिले स्थान दिले होते. पुढील शतकात याच शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने अल-ख्वारिझ्मीच्या बीजगणितासह अनेक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. सन 999 मधील छोटी क्रिस्तो दे ला लूस मशीद अजून उभी आहे, पण ती उतारावर असल्यामुळे गुडघ्यांचा अंदाज घेऊनच जावे. संध्याकाळी टॅक्सीने नदीपलीकडच्या मिरादोर देल वाये या ठिकाणी जावे, तेथून कॅथेड्रलचा 92 मीटर उंच मनोरा आणि संपूर्ण शहर एका नजरेत दिसते. टॅक्सी थांबवून ठेवावी, कारण तेथे परतीची सहज मिळत नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र पूर्ण कॅथेड्रलसाठी राखून ठेवावी आणि माद्रिदची गाडी दुपारी चारनंतरची घ्यावी.