उत्तर: कोपऱ्यातला छोटा नकाशा – ऑफसेट की फिक्स्ड?

लीफलेट (वेबपानावर नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) मधल्या मिनीमॅपला, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाला, उणे ५ चा डीफॉल्ट ऑफसेट (मोठ्या नकाशापेक्षा ५ पातळ्या कमी झूम) पुरतो, असं या चर्चेत वर म्हटलंय. शहरासाठी पुरत असेल, मराठवाड्यासाठी मला नाही पटत. गेवराई तालुक्यातल्या विहिरींचा नकाशा करताना हे नीट कळलं. मोठा नकाशा झूम १४ वर, म्हणजे छोटा ९ वर. त्याच्या १५० पिक्सेलच्या चौकटीत जेमतेम ४३ किलोमीटर मावतात. नाथसागर (पैठणचा जायकवाडी जलाशय) दिसेना, बीड शहरही बाहेर. गावातल्या एका काकांनी मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "आरं, पण हे पैठणच्या कुठल्या अंगाला?" त्याचं उत्तर त्या चौकटीत नव्हतंच.

मग छोट्या नकाशाचा झूम आणि मध्य कायम ठेवणारे पर्याय वापरले: झूमलेव्हलफिक्स्ड ६, सेंटरफिक्स्ड परळीच्या आसपास आणि रुंदी-उंची २०० पिक्सेल ठेवली. आठही जिल्हे आले, नाथसागराचा निळा पट्टा ओळखू यायला लागला. पण इथं एक अडचण येते, तिच्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. झूममधला फरक ८ झाला की प्रमाण २५६ पट बदलतं. मोठ्या नकाशात कुठला भाग दिसतोय हे दाखवणारा आयत, ८०० पिक्सेल रुंद नकाशासाठी, छोट्या नकाशात फक्त ३ पिक्सेलचा उरतो, उन्हात तर दिसतच नाही. म्हणून आयत ८ पिक्सेलपेक्षा लहान झाला की तिथं ठसठशीत लाल सर्कलमार्कर (गोल ठिपका) दाखवायचा आणि मोठ्या नकाशाच्या 'मूव्ह' इव्हेंटवर, म्हणजे तो सरकेल तशी, त्याची जागा बदलत राहायची. आणि हो, टाइल लेयर (नकाशाच्या चौकोनी चित्रांचा थर) छोट्या नकाशासाठी वेगळाच बनवा. तोच ऑब्जेक्ट दोन्हीकडे दिला की टाइल्सचा घोळ होतो.