कुशिंग : पिट्युटरीच्या ऑपरेशनआधी आयपीएसएस तपासणी करावीच लागते का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ताईसाठी विचारतोय. तिला कुशिंग आहे, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड हार्मोन) प्रमाणाबाहेर बनतंय. वय ३६, सांगलीला असते. दीड वर्षात वजन १४ किलोनं वाढलं, तेही सगळं पोटावर आणि चेहऱ्यावर. हातपाय उलट काडी झालेत. बीपी, शुगर दोन्ही मागे लागलं. घरात सगळ्यांचं एकच, "भात कमी कर." शेवटी बीपीच्या पट्ट्यानं दंडावर पडलेली नीळ आणि पोटावरचे बोटभर रुंद जांभळे पट्टे बघून फॅमिली डॉक्टरांनी पुण्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) पाठवलं. त्यांनी आधी विचारलं ते सांधेदुखीची पुडी, दम्याचा पंप, गोरेपणाचं क्रीम यांबद्दल. बाहेरून स्टिरॉइड जात असलं तरी माणूस असाच दिसतो म्हणे. तसलं काही नव्हतं.

मग तपासण्या. २४ तासांच्या लघवीचा कॅन फ्रिजमध्ये, भाजी बाहेर ओट्यावर. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची हे लॅबवाल्यांनी सांगितलंच नाही, तीही कॅनमध्ये गेली. परत पहिल्यापासून. रात्री ११ ला डेक्सामेथासोन (स्टिरॉइडची गोळी) १ मिग्रॅ आणि सकाळी ८ ला रक्त : कॉर्टिसॉल १.८ च्या खाली यायला हवं, आलं ११.४.

खरा घोळ एसीटीएचचा. मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी या हार्मोननं अ‍ॅड्रिनलला (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना) कॉर्टिसॉल बनवायला लावते. पहिला रिपोर्ट ७. एवढं कमी म्हणजे दोष अ‍ॅड्रिनलमध्ये, म्हणून पोटाचा सीटी केला, त्यात काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "नळी बर्फात ठेवली होती का?" बर्फ नसेल तर एसीटीएच नळीतच नासतं आणि आकडा खोटा कमी येतो. कसला बर्फ, ती तासभर काउंटरवरच पडून होती. दुसऱ्यांदा मी स्वतः थर्मासमध्ये बर्फ घेऊन गेलो. आलं ६२. म्हणजे दोष अ‍ॅड्रिनलमध्ये नाही, एसीटीएच सोडणाऱ्या गाठीत.

आता एमआरआयमध्ये पिट्युटरीवर ४ मिमीचा ठिपका आहे. सर्जन म्हणतात, गाठ दिसतेय, नाकातून काढून टाकू. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात, आधी आयपीएसएस. दोन्ही जांघांतून कॅथेटर घालून मेंदूच्या तळाच्या शिरांमधलं रक्त घ्यायचं! ताई ऐकूनच रडायला लागली. गाठ दिसत असताना हा खटाटोप कशाला? कुणी केली आहे का?

प्रतिसाद

दादा, बायकोची तीन वर्षांपूर्वी केली, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही.

ठिपका दिसला म्हणजे तोच चोर, असं नसतं. असे बारीक ठिपके धडधाकट माणसांतही साधारण दहात एकाला सापडतात. एसीटीएच फुप्फुसातल्या एखाद्या छोट्या गाठीतूनही येऊ शकतं. तसं असेल तर नाकातून केलेलं ऑपरेशन फुकट. १० मिमी किंवा मोठी गाठ असेल तर सहसा ही तपासणी करत नाहीत, पण ६ च्या खाली करायला सांगतात. तुमचे ४.

दोन्ही बाजूंच्या पेट्रोसल सायनसमधून (पिट्युटरीचं रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमधून) आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेतात. आतलं एसीटीएच हातातल्याच्या दुप्पट, किंवा इंजेक्शननंतर तिप्पट निघालं, तर उगम पिट्युटरीतच. हे इंजेक्शन पिट्युटरीच्या गाठीला एसीटीएच सोडायला लावतं; आम्हाला त्यातलं सीआरएच मिळालं नाही, डेस्मोप्रेसिन वापरलं. गाठ डावीकडे की उजवीकडे हे मात्र यावरून खात्रीनं कळत नाही, आम्हाला तसं आधीच बजावलं होतं.

बायको जागी होती. दुखलं फारसं नाही, पण कानाशी काहीतरी खुडबुडत होतं म्हणाली. नंतर पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायचं, त्याचाच तिला जास्त वैताग आला.

जिथे ही तपासणी नेहमी होते तिथेच करा. आणि एक विचारायचं राहिलं, ताईंना कॉर्टिसॉल कमी करायची गोळी चालू आहे का? कॉर्टिसॉल चढलेलं असतानाच रिझल्ट भरवशाचा येतो.

धागाकर्ता

खूप आभार. तसली गोळी, केटोकोनॅझोल, चालू आहे, दोन महिने झाले! इथल्या फिजिशियननी दिलीय आणि पुण्यात आम्ही सांगितलेलंच नाही. मनानं बंद करत नाही, उद्या सकाळी आधी पुण्याला फोन लावतो. बर्फाचं आयपीएसएसच्या दिवशीही बघावं लागेल ना? तेव्हा तर नळ्या डझनभर असतील.