एक फ्रेंच भर: क्रिसालिस
माणसांच्या आठवणींत फेरफार करण्यावरच्या चित्रपटांच्या एका यादीत सगळे हॉलीवूडपटच दिसले, म्हणून ज्युलियाँ लक्लेर्कचा फ्रेंच चित्रपट 'क्रिसालिस' (२००७) सुचवतो. २०२५ सालचं पॅरिस, करड्या-निळ्या रंगात बुडालेलं. पत्नी गमावलेला पोलीस अधिकारी हॉफमन (आल्बेर द्यूपाँतेल) तिच्या खुन्याच्या मागावर आहे, आणि धागे एका खासगी क्लिनिकपर्यंत जातात. तिथली मार्थ केलरची शांत सर्जन मला खुन्यापेक्षा भयंकर वाटली, कारण ती जे करते ते मुलीवरच्या मायेपोटी. हाणामाऱ्या अगदी अंगावर येतात. मध्ये कथा थोडी रेंगाळते, तरी जरूर बघा. आणि याच विषयाजवळचा क्रिस मार्करचा फ्रेंच लघुपट 'ला जेते' (१९६२) बघायचा राहिला असेल तर आधी तो बघा: जेमतेम २८ मिनिटांचा, जवळजवळ सगळा स्थिरचित्रांतून सांगितलेला.